बाकडी पुष्कळ झाली, आता एक कामाचं बाकडं द्या

मित्रांनो, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण कॉमेंट करायच्या आधी शेवटपर्यंत वाचा, ही हात जोडून विनंती. मागच्या पाणीपट्टीच्या पोस्टवर अर्ध्या लोकांनी फक्त फोटो बघून शिव्या घातल्या होत्या.

विषय आपल्या गावात होऊ घातलेल्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्राचा. आराखडा मी बघितला. एक हॉल, भिंतीवर टीव्ही, दोन कॅरम, प्लास्टिकच्या खुर्च्या, दारात पेव्हर ब्लॉक आणि त्या पेव्हर ब्लॉकवर आठ सिमेंटची बाकडी. बाकड्यांवर 'यांच्या निधीतून' म्हणून कुणाचं नाव रंगवायचं यावरून आत्ताच दोन गटांत धुसफूस सुरू आहे. हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांनी दिवसभर करायचं काय, यावर मात्र एक मिनिटही चर्चा झालेली नाही. 'बसतील की निवांत,' असं उत्तर मला मिळालं.

बसतील! अहो, बसूनच तर आहेत. बसस्थानकापासून तहसीलपर्यंत चालत जा आणि बाकडी मोजा. मी मोजायला गेलो आणि तिसाच्या पुढे सोडून दिलं. त्यावर कोण बसलंय ते बघा. चाळीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला वायरमन. हायस्कूलचे गणिताचे सर. ज्याने गावातली निम्मी दारं-खिडक्या केली तो मिस्त्री. सकाळी साडेसहा ते नऊ बीपीच्या गोळ्या आणि पेन्शनच्या फरकाची चर्चा होते, मग कुणी काही बोलत नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. एखाद्या दिवशी बाकड्यावरचा एक जण कमी होतो आणि आपण ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकतो.

आता मी तुम्हाला स्कॉटलंडला नेणार आहे. हसू नका, संबंध आहे.

स्कॉटिश माणूस म्हटलं की आपल्या पिढीला काय आठवतं? चुटक्यांची पुस्तकं. रेल्वे स्टेशनवर मिळणारी, पिवळ्या कागदाची. त्यात सरदारजी, मारवाडी आणि स्कॉटिश माणूस हे तिघे ठरलेले. स्कॉटिश माणूस म्हणजे महाचिक्कू, कवडीचुंबक. या चिक्कूपणाच्या विनोदांची राजधानी म्हणजे ॲबर्डीन हे शहर. तिथल्या लोकांनीही ते विनोद मनावर न घेता स्वतःच रंगवून सांगितले. तर या ॲबर्डीनच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर वेस्टहिल नावाचं गाव आहे. तिथे २०१३ च्या सुमारास स्कॉटलंडमधली पहिली 'मेन्स शेड' सुरू झाली. जगातले सगळ्यात कंजूष म्हणून ज्यांची टिंगल झाली, त्यांनी आपली हत्यारं, आपला वेळ आणि आपलं कसब सगळ्यांसाठी खुलं करून ठेवलं.

शेड म्हणजे काय ते सांगतो. ब्रिटनमध्ये घरामागच्या परसात एक लाकडी खोपी असते. त्यात बाप्या माणसाचं राज्य. खिळ्यांचे डबे, गंजलेली करवत, अर्धवट राहिलेली खुर्ची, एक रेडिओ. बायकोने हाकललं की जायची जागा! १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या लक्षात आलं की निवृत्त झालेला, बायको वारलेला, कारखाना बंद पडून घरी बसलेला माणूस एकटा-एकटा कुढतो, पण दवाखान्यात जात नाही आणि कुणाजवळ बोलतही नाही. मग त्यांनी सगळ्या गावाची मिळून एक मोठी खोपी केली. मधे मोठी बाकडी, भिंतीवर हत्यारं, कोपऱ्यात चहाची किटली. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, शेजारी उभं राहून काम करताना करतात, हा त्या चळवळीचा पाया. तिथून ती आयर्लंड, इंग्लंड करत स्कॉटलंडला आली. आज एकट्या स्कॉटलंडमध्ये अशा दोनशेहून जास्त शेड आहेत, आणि तो देश लोकसंख्येने साधारण ५५ लाखांचा. आपल्या एका पुणे जिल्ह्यापेक्षा लहान.

हे लोक तिथे काय करतात? पक्ष्यांची घरटी, बालवाडीच्या पोरांसाठी मातीत खेळायची लाकडी चूल-ओटे, शाळेच्या मोडक्या खुर्च्यांची दुरुस्ती, कुणाच्या तरी आजीच्या पेटीचं झाकण. फार भारी कलाकुसर नसते. पण त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. गेली दोन-तीन वर्षं मी या स्कॉटिश हौशी सुतारांचं जे मिळेल ते वाचतोय, बघतोय. कारण मलाही हा नाद आहे. रविवारी मागच्या पडवीत थोडं रंधाकाम करतो. पहिल्यांदा करवतीचा आवाज आला तेव्हा शेजारच्या काकांनी भिंतीवरून डोकावून विचारलं होतं, 'काय पत्रकार, पेपर बंद पडला का?' त्या प्रश्नाकडे मी पुढे येतोच.

त्यांच्या गप्पांत एक जण प्रश्न टाकतो. रंधा मारताना लाकूड उचकटतंय, काय करू? लगेच चार जण धावतात. पहिला म्हणतो, पात्यावर जी दुसरी लोखंडी पट्टी असते ती धारेच्या अगदी जवळ आण, अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, म्हणजे साल निघताच मोडते आणि पुढचं लाकूड फाटत नाही. दुसरा म्हणतो, आधी फळी उलटी फिरवून बघ, रेषा कुठल्या दिशेने चढताहेत ते बघ. तिसरा म्हणतो, रंध्याच्या तळाला मेणबत्ती घास, निम्मी ताकद वाचेल. आणि चौथा म्हणतो, माझ्याकडे अशीच एक फळी होती, तीन दिवस झटापट केली, शेवटी तिने शेकोटीत चांगला उजेड दिला.

हा चौथा माणूस फार महत्त्वाचा. त्याने काहीच शिकवलं नाही, पण नवख्याची लाज घालवली. पुढचा प्रश्न विचारायला तो नवखा घाबरणार नाही.

अशा कितीतरी युक्त्या मी त्यांच्याकडून उचलल्या. गुण्या खरा आहे की खोटा ते कसं ओळखायचं? फळीच्या सरळ कडेला लावून रेघ ओढायची, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढायची. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. चौकट काटकोनात आली का, हे बघायला दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले की झालं. शक्य तिथे टेप बाजूला ठेवायचा आणि फळीवर फळी ठेवूनच खूण करायची, कारण मोजमापाचा आकडा डोक्यातून हातात येईपर्यंत बदलतो. पटाशीची पाठ आरशासारखी सपाट केल्याशिवाय धारेवर वेळ घालवायचा नाही. महागडा दगड नसेल तर जाड काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवायचा, आधी जाडसर, मग बारीक, मग त्याहून बारीक. आणि बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात सटकतो. दोन्ही हात कायम धारेच्या मागे.

गंमत सांगतो. यातलं निम्मं आपल्या गल्लीतल्या मिस्त्रींना माहीत आहे. मी मेणबत्तीचं त्यांना कौतुकाने सांगायला गेलो तर त्यांनी डब्यात तेलात भिजवलेली चिंधी दाखवली. रंधा तिच्यावरून एकदा पुसायचा, बस. म्हणाले, 'साहेब, हे आमच्या वडलांपासून आहे. तुम्ही कधी विचारलंच नाही.' मी विचारलं, 'मिस्त्री, हे कुणाला शिकवलं?' तर म्हणाले, 'कुणाला शिकवू? पोरगं पुण्याला मोबाईलच्या दुकानात आहे. आणि दुसऱ्याचं पोरगं कोण पाठवतंय माझ्याकडं?'

तिकडे प्लंबर, बँकेतला कारकून, डॉक्टर, पोलीस, सगळे एका बाकड्यावर उभे राहून हे ज्ञान फुकट वाटतात. आपल्याकडे ज्याला येतं तो बाकड्यावर गप्प बसून आहे, आणि ज्याला यायला हवं त्याला वाटतं हे आपलं काम नव्हे.

आता त्यांच्या विनोदाबद्दल, कारण माझा मुद्दा त्यात आहे. स्कॉटिश माणसाची कौतुकाची सगळ्यात वरची पायरी म्हणजे 'नो बॅड'. वाईट नाही. सहा महिने खपून कपाट केलंत, त्यावर शेजारचा म्हातारा डोळे बारीक करून 'नो बॅड' म्हणाला की समजायचं सोन्याचं पदक मिळालं. आपल्याकडे कोकणातला किंवा कोल्हापूरकडचा माणूस 'हं, बरं जमलंय' म्हणतो, त्याच जातकुळीतलं. त्यांचा आणखी एक वाक्प्रचार आहे, 'आय केंट हिज फादर'. मी याच्या बापाला ओळखत होतो. म्हणजे कुणी फार उडायला लागला की त्याला जमिनीवर आणायचं. हे तर आपल्या चावडीवरचंच वाक्य वाटतं.

पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. हत्यारांच्या गप्पांत हे लोक सगळ्यात जास्त हसतात ते स्वतःवर. दोनदा कापलं तरी फळी आखूडच कशी, असं स्वतःबद्दल सांगणारा. शिकंजे किती असले म्हणजे पुरे, तर अजून एक, असं म्हणणारा. आणि हौशी सुतारांची ती जुनी गंमत. म्हणे, मरणाची भीती वाटत नाही. भीती एवढीच वाटते की मी गेल्यावर बायको माझी हत्यारं, मी तिला सांगितलेल्या किमतीला विकून टाकेल! या विनोदात बायको मूर्ख नाही, सुतार नाही, नवखा नाही. मूर्ख सांगणारा आहे.

त्यांचा बिली कॉनली नावाचा विनोदी कलाकार आहे, ब्रिटनभर गाजलेला, २०१७ साली ज्याला 'सर' किताब जाहीर झाला तो. तो मुळात ग्लासगोच्या क्लाइड नदीकाठच्या जहाजगोदीत वेल्डर होता. तिथल्या कामगारांच्या थट्टामस्करीतूनच आपण घडलो, हे तो सांगत आला. त्याच्या आधीच्या पिढीतला हॅरी लॉडर. कोळशाच्या खाणीत राबलेला पोरगा. स्कॉटिश चिक्कूपणाची नक्कल करून त्याने जगभर नाट्यगृहं भरवली. १९१६ साली त्याचा मुलगा महायुद्धात मारला गेला. त्यानंतर या 'चिक्कू' माणसाने जखमी, अपंग झालेल्या स्कॉटिश सैनिकांसाठी निधी उभा करायला जिवाचं रान केलं. हाताने काम केलेल्या माणसाचा विनोद असा असतो. स्वतःच्या अंगठ्यावर दहा वेळा हातोडी बसलेली असते, त्यामुळे दुसऱ्याच्या अंगठ्याला लागल्यावर तो हसतोही आणि लगेच चिंधीही फाडतो.

आपला चौकातला विनोद बघा. कोणावर असतो? हमाली करणाऱ्यावर, बोलता न येणाऱ्यावर, दुसऱ्या जातीवर, बायकोवर. स्वतःवर हसायला आपल्याला इतका कमीपणा का वाटतो कोण जाणे. पंचायत समितीत एकदा एका साहेबांवर त्यांच्यासमोर जरा गंमत केली, तर सहा महिने मला बातम्या मिळेनाशा झाल्या होत्या. असो.

हत्यारांच्या नावांचा मुद्दा राहिला. स्कॉटलंडला हत्यारं बनवण्याची मोठी परंपरा आहे. एअर नावाच्या गावात स्टुअर्ट स्पायर्स याने १८४० च्या सुमारास एक वेगळा रंधा करायला सुरुवात केली. बाहेरून धातूचं कवच आणि आत घट्ट बसवलेलं रोझवूडसारखं कठीण लाकूड. वजनदार, न हलणारा, कठीण लाकडावरही कागदासारखी साल काढणारा. ग्लासगोत मॅथिसन कंपनीचा मोठा कारखाना होता. हे रंधे आजही जुन्या बाजारात मिळतात आणि हौशी लोक ते शोधत फिरतात. त्या काळच्या लाकडी रंध्यांच्या तोंडाशी बघितलं तर ठसे दिसतात. एक ठसा बनवणाऱ्याचा. आणि बाकीचे, कधी दोन, कधी तीन, ते वापरणाऱ्या सुतारांचे. एक गेला की हत्यार दुसऱ्याकडे जायचं, तो आपलं नाव पहिल्याच्या शेजारी ठोकायचा. पहिल्याचं खोडायचा नाही.

आता आपल्या बाकड्यांवरची नावं आठवा. बसणाऱ्याचं नाव नाही. ज्या गवंड्याने ते ओतलं त्याचं नाही. ज्या करदात्याचे पैसे, त्याचं तर नाहीच. आणि निवडणूक झाली की आधीच्या नावावर रंग मारून नवीन नाव.

आता त्या 'पेपर बंद पडला का' प्रश्नाकडे येतो. काकांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या प्रश्नात एक अख्खी समाजव्यवस्था दडलेली आहे. हाताने काम करतोय म्हणजे नक्कीच याच्यावर वेळ आली असणार! पोटासाठी नाइलाज म्हणून, नाहीतर त्या जातीत जन्मला म्हणून, याखेरीज तिसरं कारण आपल्याला सुचतच नाही. बलुतेदारीत सुताराने नांगर केला, वखर केलं, तिफण केली, गाडीचं चाक केलं. गावाची सगळी शेती त्याच्या गुण्यावर उभी होती. त्याला खळ्यावर धान्य मिळालं, मान बेताचाच मिळाला. आजही पाटलाच्या, देशपांड्यांच्या, वाण्याच्या घरातल्या पोराने रंधा हातात घेतला तर आई पहिलं वाक्य म्हणते, 'आपलं काम आहे का ते?' आणि सुताराच्या घरातली आई म्हणते, 'हे सोडवायलाच तर शिकवलं तुला.' दोघींचं बरोबर आहे, म्हणूनच तर दुखतं. जे काम अपमानाशी बांधलं गेलंय, ते येणाऱ्यालाही नको आणि न येणाऱ्यालाही नको.

गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातकामातून शिक्षणाची कल्पना मांडली. वर्धा म्हणजे आपलंच, स्कॉटलंड नव्हे. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून पोरांना लोखंड, लाकूड, शेती हाताने करायला लावली. आपल्याच राज्यातली ही उदाहरणं. आपण त्यांच्या जयंत्या करतो, भेटी देतो, फोटो काढतो आणि घरी येऊन पोराला म्हणतो, अभ्यास कर नाहीतर सुतारकाम करावं लागेल. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला काय होतं ते मास्तरांनी छातीवर हात ठेवून सांगावं. केंद्राची विश्वकर्मा योजना आहे, २०२३ पासून. सुताराला अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, प्रशिक्षण, स्वस्त कर्ज. चांगली गोष्ट आहे, गावातल्या पात्र कारागिरांनी घ्यावीच. पण ती परंपरेने धंदा करणाऱ्यासाठी आहे. मी बोलतोय ते उरलेल्या गावाच्या हातांबद्दल.

काल हा विषय कट्ट्यावर काढला तर लोकांनी मला चांगलंच धारेवर धरलं. एक जण म्हणाला, 'भाऊ, ते पेन्शनवाले गोरे लोक, त्यांचं वेगळं. आपला म्हातारा सत्तरीतही शेतावर जातो.' जातो ना. जो जातो त्याच्यासाठी हे नाहीच. गुडघे गेल्यामुळे किंवा शेत वाटून गेल्यामुळे जो जात नाही, तो दिवसभर काय करतो ते सांगा. दुसरे म्हणाले, कुणाचं बोट कापलं तर जबाबदारी कोणाची? रास्त प्रश्न आहे. विजेवर फिरणारी करवत पहिल्या दिवशी आणायचीच नाही. हातकरवत, रंधा, पटाशी, गुण्या, शिकंजा, एवढ्यावर वर्षभर काम चालतं. प्रथमोपचाराची पेटी, एक माहीतगार माणूस हजर असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, असा नियम. सिमेंटच्या बाकड्यावर बसून शुगर चारशेला जाते त्याची जबाबदारी कोण घेतं?

तिसरा आक्षेप गंभीर होता आणि तो मिस्त्रींच्याच पुतण्याने घेतला. 'तुम्ही हौस म्हणून फुकट खुर्च्या करून द्यायला लागलात तर आम्ही काय खायचं? आधीच प्लायवूडच्या तयार फर्निचरने मारलंय.' त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्या. म्हणून माझी अट अशी की तिथे विक्री नाही, घरांची कामं घ्यायची नाहीत. अंगणवाडी, शाळा, वाचनालय यांची जी मोडतोड आज भंगारात जाते तेवढीच. आणि शिकवायला येणाऱ्या मिस्त्रींना फुकट राबवायचं नाही, मानधन द्यायचं. टीव्ही आणि डिश टीव्हीच्या खर्चात ते सहज बसतं. माझा अनुभव तर उलटाच आहे. ज्याने स्वतः एकदा चूल-खाच जोडायचा प्रयत्न केला, तो पुन्हा कधी मिस्त्रीशी मजुरीवरून घासाघीस करत नाही. त्याला कळतं त्यात काय जातं.

बायकांचं काय, असंही एका ताईंनी विचारलं. तिकडे नाव पुरुषांचं असलं तरी बऱ्याच शेड बायकांनाही खुल्या आहेत. आपण नावातच ती चूक करायला नको. हॉल सगळ्यांचा.

आणि ज्यांना हे सगळं चैनीचं वाटतं त्यांच्यासाठी एक आकडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात जवळपास ७२ टक्के पुरुष. राज्यांत सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२ हजार ७४६. स्कॉटलंडमध्येही चारातले साधारण तीन पुरुषच असतात. तिकडच्या त्या कोरड्या विनोदाचीही एक काळी बाजू आहे, हे मी लपवणार नाही. माणूस आतून कोसळलेला असतो आणि वरून थट्टा करत राहतो. कुणी विचारलं तर 'नो बॅड' म्हणतो. आपला माणूस 'चाललंय' म्हणतो. हातात रंधा दिला की नैराश्य जातं असा दावा मी करत नाही, त्याला डॉक्टर लागतो. पण डॉक्टरकडे जा असं सांगायला शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं. ज्याच्यासोबत तुम्ही आठ दिवस एकाच कपाटाचे दोन पाय जोडलेत, त्याच्या हाताची थरथर तुम्हाला आधी दिसते. तो दोन दिवस आला नाही तर तुम्ही घरी जाऊन बघता. सिमेंटच्या बाकड्यावर माणूस आला नाही तर जागा मोकळी झाली म्हणून दुसरा बसतो.

माझी मागणी फार मोठी नाही. केंद्राला विरोध नाही, ते व्हावं आणि लवकर व्हावं. निम्म्या हॉलमध्ये टीव्ही, कॅरम, पेपर राहू द्या. उरलेल्या निम्म्यात जाड लाकडाची दोन कामाची बाकडी, प्रत्येकाला एक शिकंजा, भिंतीवर हत्यारांचा फळा, चांगला उजेड, आणि बाहेरच्या आठ सिमेंटच्या बाकड्यांपैकी सहा रद्द. दोन राहू द्या, चहा प्यायला लागतील. नाव द्यायचंच असेल तर बाकड्याच्या कडेला तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने आपलं ठोकावं, नगरसेवकांनीही, पण आधी एक फळी सरळ करून दाखवल्यावर.

पालिकेची सर्वसाधारण सभा येत्या गुरुवारी अकराला आहे. केंद्राचा विषय अजेंड्यावर आहे. मी प्रेक्षक गॅलरीत असेन, तुम्हीही या. निवेदनाचा मसुदा तयार आहे, सह्यांसाठी उद्यापासून वाचनालयात ठेवतो. ज्यांच्या माळ्यावर आजोबांची हत्यारं गंजत पडली आहेत त्यांनी भंगारवाल्याला द्यायच्या आधी मला सांगा. गंज काढायला व्हिनेगर आणि दोन दिवस पुरतात. मिस्त्रींनी आठवड्यातले दोन दिवस यायचं कबूल केलंय. गणिताचे सर म्हणाले, 'मला खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही, पण कर्ण मी मोजून देईन.' एक शिकंजा माझ्याकडे जास्तीचा आहे, तो मी देतोय. किती रुपयांना आणला होता ते मात्र घरी विचारू नका.